नव्या कंदाचं वर्ष

वसंत ऋतू आला की लंडनमधल्या रोपवाटिकांत आणि मोठ्या दुकानांत पॅन्सी ऑर्किडच्या कुंड्या येतात. रुंद, सपाट फुलं; रंग पांढरा, गुलाबी, नाहीतर गडद डाळिंबी; मधोमध मुखवट्यासारखा ठिपका, आणि काही जातींत खालच्या मोठ्या पाकळीवर रंग ओघळत गेल्याच्या रेघा. लोक हौसेने कुंडी घरी नेतात. महिना-दीड महिना फुलं टिकतात, मग एकेक करून गळतात, आणि बहुतेक घरांत कुंडी कचऱ्यात जाते. रोप मेलेलं नसतं. त्याचं पुढचं वर्ष सुरूसुद्धा झालेलं असतं. जुन्या कंदाच्या बुडाशी, पानांच्या आड, करंगळीच्या नखाएवढा हिरवा कोंब आलेला असतो. मला लिहायचंय ते या कोंबाबद्दल.

वनस्पतिशास्त्रात या ऑर्किडांच्या प्रजातीला मिल्टोनिऑप्सिस म्हणतात. तिची वाढ समजून घेतली की पुन्हा फुलं आणण्याचं निम्मं कोडं सुटतं. प्रत्येक कोंब वाढून त्याच्या तळाशी एक चपटा, फिकट हिरवा कंद तयार होतो, त्याच्या टोकाला एकच पान असतं आणि बाजूंनी आणखी काही पानं त्याला कवटाळून असतात. या पानांच्या बगलेतून फुलदांडा निघतो. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचा जुना दांडा पेरावर कापला तर कधीकधी त्यातूनच नवी कळी येते. इथे तसं काही होत नाही. वाळलेला दांडा बुडापासून कापायचा आणि विसरून जायचं. जुना कंद हिरवा आणि टणक असेल तोवर मात्र त्याला हात लावायचा नाही, कारण नव्या कोंबाला पहिले काही महिने पोसणारा साठा त्याच्यातच असतो. पुढच्या वर्षीचं फूल म्हणजे या वर्षी पोसलेला नवा कंद, हा हिशेब मनात पक्का बसला की कोणतं खत घालू म्हणजे फूल येईल, हा प्रश्न पडत नाही.

ही झाडं मूळची कोस्टारिका, पनामापासून व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वेडोर आणि पेरूपर्यंतची. आजच्या संकरांत सर्वांत जास्त रक्त आहे ते मिल्टोनिऑप्सिस व्हेक्सिलेरियाचं. कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये अँडीजच्या उतारांवर, धुक्याने भिजलेल्या जंगलांत, ती झाडांच्या फांद्यांवर वाढते. तिथे उन्हाळा-हिवाळा असा भेद फारसा नाही. बाराही महिने दिवस उबदार, रात्र गार, हवा दमट आणि वारा सतत खेळता. पाऊस वारंवार येतो, पण फांदीवरून निथळूनही जातो. मुळं कायम ओलसर राहतात, तरी पाण्यात बुडालेली कधी नसतात. खिडकीतल्या कुंडीत आपण करतो तो सगळा खटाटोप या एका गोष्टीची नक्कल असते.

या जंगलांनी फुलांची किंमत मोजली आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चेल्सी भागात, किंग्ज रोडवर, व्हीच घराण्याची मोठी रोपवाटिका होती. तिच्यासारख्या पेढ्या दक्षिण अमेरिकेत माणसं पाठवून ऑर्किडं पोत्यांनी आणवत. बेनेडिक्ट रोएझल हा चेक संग्राहक त्यांतला सर्वांत नावाजलेला. यंत्राच्या अपघातात त्याचा हात गेला होता आणि त्या जागी लोखंडी आकडा होता. मिल्टोनिऑप्सिस रोएझलीला त्याचंच नाव आहे, आणि प्रागमध्ये त्याचा पुतळा आहे. अल्बर्ट मिलिकन नावाच्या दुसऱ्या संग्राहकाने 1891 साली आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. कोलंबियात ओडोन्टोग्लॉसम या ऑर्किडाची दहा हजार रोपं मिळवायला सुमारे चार हजार झाडं तोडवली, असं त्यात तो सरळ लिहितो. हे वाचलं की खिडकीतल्या फुलाकडे बघताना जीव कासावीस होतो. सुदैवाने वाट बदलली. पॅरिसच्या आल्फ्रेड ब्ल्यू यांनी व्हेक्सिलेरिया आणि रोएझली यांचा संकर केला, त्याची नोंद 1889 सालची आहे. त्यानंतर फुलं जंगलातून आणण्याऐवजी काचघरात घडवण्याची परंपरा वाढत गेली. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावरच्या एरिक यंग ऑर्किड फाउंडेशनने या कामात मोठं नाव कमावलं. त्यांच्या अनेक संकरांना त्या बेटावरच्या जागांचीच नावं आहेत. आज दुकानात मिळणारं रोप बहुधा प्रयोगशाळेतल्या बाटलीत जन्मलेलं असतं, आणि ते तसंच असावं.

आता खिडकीकडे येते. माझी रोपं पूर्वेच्या खिडकीत असतात. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, नंतर दिवसभर नुसता उजेड. पुरेसा उजेड आहे का, हे पानच सांगतं. पान गडद, काळपट हिरवं असेल तर उजेड कमी. फिकट हिरव्यावर किंचित गुलाबी झाक आली तर नेमका. लालसर-पिवळं पडलं तर जास्त. दिवसा 20 ते 24 अंश सेल्सिअस आणि रात्री 13 ते 16 अंश हे यांचं आवडतं मान. 27च्या वर पारा गेला की रोपं मलूल होऊ लागतात. 19 जुलै 2022 रोजी कॉनिंग्सबी इथे 40.3 अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये पारा 40च्या वर पहिल्यांदाच गेला होता. त्या दिवसांत आमच्या कुंड्या उत्तरेकडच्या न्हाणीघरात, फरशीवर, ओल्या टॉवेलांच्या शेजारी होत्या. रोपं वाचली, पण त्या उन्हाळ्यातले कोंब खुरटले आणि पुढच्या वसंतात फुलं मोजकीच आली. कंदाचा हिशेब असा चोख असतो.

लंडनमध्ये उन्हापेक्षाही मोठी अडचण आहे ती पाण्याची. इथलं नळाचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येतं. किटलीच्या तळाशी काही दिवसांत पांढरा थर धरतो. पॅन्सी ऑर्किडची मुळं दोऱ्यासारखी बारीक असतात, फॅलेनॉप्सिससारखी जाड नसतात, आणि क्षार त्यांना सोसत नाहीत. आधी पानांची टोकं तपकिरी होतात, मग मुळांची टोकं काळी पडतात, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय. तो आणखी पाणी घालतो. म्हणून परसदारी पागोळीखाली पिंप ठेवलंय. पावसाचं पाणी गाळून, खोलीत ठेवून कोमट झालं की घालायचं. कोरड्या उन्हाळ्यात पिंप रिकामं झालं तर मत्स्यालयाच्या दुकानात क्षार काढलेलं पाणी डबा भरून मिळतं.

किती दिवसांनी पाणी घालायचं, हे मी कॅलेंडरवरून ठरवत नाही. कुंडी उचलून बघते. पाणी घातल्यावर तिचं वजन किती असतं हे हाताला ठाऊक असतं. ती निम्मी हलकी लागली की पुन्हा पाणी. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी असली की आतल्या बाजूला दव धरलंय का तेही दिसतं. भर वाढीच्या दिवसांत पाणी तीन-चार दिवसांनी लागतं, थंडीत आठवड्याने. पूर्ण कोरडं मात्र एकदाही पडू द्यायचं नाही. त्याची नोंद रोप स्वतःच्या पानावर करून ठेवतं. कोवळं पान बाहेर सरकत असताना पाणी कमी पडलं, किंवा मुळं सडल्यामुळे वर पोचलं नाही, की पानाला पेटीच्या भात्यासारख्या आडव्या चुण्या पडतात. नंतर कितीही पाणी घाला, त्या चुण्या उलगडत नाहीत. दुसऱ्याच्या घरी हे रोप पाहिलं की मी फुलांआधी पानं बघते, कारण रोपाने काय सोसलंय ते तिथे वर्षानुवर्षं वाचता येतं.

खत अगदी पातळ द्यायचं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथाईने. आणि महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढायचे. मावा कोवळ्या कळ्यांवर बसतो. तो दिसताच ओल्या बोटाने पुसायचा. कीड वेळेवर दिसली तर एवढं पुरतं.

सप्टेंबरात कुंडी बदलण्याचं काम येतं. दरवर्षी करायचं हे काम बहुतेकांना जिवावर येतं, पण पुन्हा फुलं येण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. उकाडा संपलेला असतो, नवा कोंब अर्ध्यावर वाढलेला असतो आणि त्याच्या बुडाशी पांढरी मुळं नुकती डोकावू लागलेली असतात. ती कुंडीतल्या जुन्या मालात शिरण्याआधी रोप हलवायचं. कुंडी आडवी धरून हळूच दाबली की मुळांचा गड्डा सुटून येतो. आतली पाइनची साल वर्षभरात कुजून मऊ झालेली असते, मॉसचा वास आंबूस असतो. कोमट पाण्यात हे सगळं हलक्या हाताने सोडवायचं. पांढरी, टणक मुळं ठेवायची. बोटांत धरल्यावर ज्यांची साल निसटून आत नुसता धागा उरतो ती ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापायची. नवं मिश्रण म्हणजे बारीक साल, थोडं परलाइट आणि भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस. मॉस दाबून भरायचं नाही, मुळांना हवा लागते. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्यायची. मोठ्या कुंडीचा मधला भाग ओलाच राहतो आणि सड तिथूनच सुरू होते. आणि रोप मोठं झालं म्हणून त्याचे तुकडे करण्याची घाई करू नये. तीन कंदांपेक्षा लहान तुकडा फुलायला फार वेळ घेतो.

यानंतर लंडनचा शरद ऋतू माझ्या बाजूने कामाला लागतो. दिवस झपाट्याने आखडतात, खिडकीजवळची रात्र गार होते. 2006 साली मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्टो लोपेझ आणि एरिक रंकल यांनी या ऑर्किडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधी छोटा दिवस आणि त्यानंतर काही आठवडे 11 ते 14 अंशांचा गारवा, या क्रमाने फुलं येण्याला चालना मिळते, असं त्यांना आढळलं. म्हणून थंडीत माझ्या कुंड्या बैठकीच्या खोलीत नसतात. रात्री दिवा न लागणाऱ्या, हीटर मंद ठेवलेल्या खोलीत त्यांची जागा आहे. हीटरने हवा कोरडी पडते, त्यावर खडे आणि पाणी भरलेला ट्रे कुंड्यांखाली ठेवते, पण कुंडीचं बूड पाण्याला टेकू देत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी विजेरी घेऊन पानांच्या बगला तपासायच्या. तिथे काही दिसलं तर ते पान आहे की दांडा, हे लगेच कळत नाही. पानाचा कोंब चपटा असतो आणि कंदाच्या अगदी तळातून येतो. दांडा थोडा वरून, कंद आणि पान यांच्या फटीतून, गोलसर होऊन निघतो. चांगल्या पोसलेल्या कंदाला दोन बाजूंनी दोन दांडे येतात. दांडा हातभर व्हायच्या आत त्याला बारीक काडीचा आधार द्यावा. कळ्या दिसू लागल्यावर कुंडी फिरवू नये. उजेडाकडे तोंड करून बसलेल्या कळ्या मग एकीकडे एक, दुसरीकडे एक अशा उमलतात. उमललेलं फूल पहिल्या दिवशी लहान आणि सुरकुतलेलं असतं, पुढचे काही दिवस ते मोठं होत जातं. सुगंधी जातींचा वास गुलाबाच्या जवळचा, आणि तो सकाळी ऊन लागल्यावर येतो. संध्याकाळी नाक लावून काही मिळत नाही. ही फुलं फुलदाणीसाठी तोडू मात्र नयेत. दांड्यावर महिनाभर टिकणारं फूल तोडल्यावर लवकर मान टाकतं.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोटो बघून रोप मागतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. मुंबईत मे महिन्याची रात्रसुद्धा या झाडाच्या आवडत्या दिवसापेक्षा गरम असते, पुण्यातही उन्हाळा त्याला सोसणार नाही. एसी लावून ते जगवण्यात काही अर्थ नाही. ज्यांना असंच फूल हवं त्यांनी ब्राझीलच्या मिल्टोनिया प्रजातीतली रोपं शोधावीत, ती उष्ण हवा बरीच सोसतात. त्याहून माझी शिफारस आहे ती आपल्या सीतेच्या वेणीची. पावसाच्या तोंडावर लांबसडक, गुलाबी-पांढरा घोस सोडणारं हे ऑर्किड सह्याद्रीच्या हवेतच वाढलेलं आहे, आणि ज्या झाडावर ते राहतं त्याचा रस ते शोषत नाही. बांडगूळ समजून ते खरवडून टाकू नका. रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेलं आहे ना, हे विचारून घ्या. जंगलातून ओरबाडून आणलेलं, फांदीच्या तुकड्यासकट रस्त्याच्या कडेला विकायला ठेवलेलं रोप कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि वादळाने फांदी मोडून सीतेची वेणी वाटेवर पडलेली दिसली, तर तिथल्याच एखाद्या झाडाला, सावलीच्या बाजूने, सुतळीने बांधून पुढे जा. घरी आणू नका.