विद्यार्थ्याचे अन्न व निवारा : मंडळीपुढील एक प्रश्न

उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याचा विषय आपल्या मंडळ्यांत निघतो, तेव्हा बहुधा फी, पुस्तके व परीक्षाशुल्क यांचाच विचार होतो. हे साहाय्य मोलाचे आहेच. परंतु खेड्यातून शहरातील महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यापुढचे पहिले दोन प्रश्न निराळे असतात : आज जेवावे कोठे, आणि रात्री पाठ टेकावी कोठे? या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यास भरलेली फी वाया जाते. प्रस्तुत लेखात बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, या नगरीच्या इतिहासातील एका प्रसंगाच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्याचा व त्यात मंडळीचे कर्तव्य कोणते हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

१. वार आणि माधुकरी

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक जुने उत्तर होते. गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात वार सात घरी वाटून घेई. यास वारावर जेवणे म्हणत. ज्यास वार मिळत नसत, तो झोळी घेऊन माधुकरी मागे. या प्रथेच्या आधारावर अनेकांची विद्या पुरी झाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि तिला दोन मर्यादा होत्या. पहिली ही की, विद्यार्थ्याचे पोट दात्याच्या मर्जीवर अवलंबून राही. दुसरी अधिक गंभीर होती. जो पंक्तीला चालत नाही, त्याच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता. म्हणूनच विद्यार्थ्याच्या अन्नवस्तीचा विचार केवळ दारिद्र्याच्या अंगाने करून भागत नाही. आपण कोणाला घरात घेतो व कोणाबरोबर जेवतो, हाही त्यातला प्रश्न आहे.

२. बडोद्याचे औदार्य आणि बडोद्याचे दार

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे राज्य शिक्षणाच्या बाबतीत त्या काळी अग्रेसर होते. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली. भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता याच महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर केले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार होता.

या करारास अनुसरून १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यास आले. त्यांची नेमणूक झाली होती, वेतन ठरले होते. राहण्यास जागा मात्र नव्हती. हिंदू खाणावळी आपल्याला घेणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते एका पारशी वसतिस्थानात पारशी नाव धारण करून राहिले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला; त्याचा निकाल लवकर लागेना. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले सुमारे डझनभर पारशी त्यांच्या खोलीपुढे येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम त्यांनी दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः नोंदविला आहे.

त्या दिवशी त्यांनी आणखी दोन दारे ठोठावली. एक दार हिंदू मित्राचे होते. त्यास सहानुभूती होती, पण आपण जागा दिली तर घरचे नोकर निघून जातील, अशी अडचण त्याने सांगितली. दुसरे दार ख्रिस्ती मित्राचे होते. पत्नी दुसऱ्या दिवशी येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे त्याने उत्तर दिले. पतिपत्नी मूळच्या ब्राह्मण घराण्यांतील होती. पती विचाराने उदार झाला होता. पत्नीच्या मनातील जुना विटाळ मात्र गेला नव्हता, आणि अस्पृश्यास घरात घेण्यास तिने संमती दिली नसती, हे आंबेडकरांना मागाहून कळले. मुंबईची गाडी रात्री होती. ती सुटेपर्यंतचे कित्येक तास या उच्चविद्याविभूषित तरुणाने कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढले. ते स्थळ आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते.

राजाने समुद्रापलीकडच्या शिक्षणाचा खर्च दिला, पण त्याच्या राजधानीत एका रात्रीचा निवारा मिळाला नाही. पैसा राज्याच्या तिजोरीतून देता येतो. दार मात्र घरातल्या माणसानेच उघडावे लागते. येथे कोणा एका समाजाला दोष देऊन चालणार नाही. ज्या पारशी समाजातील काही माणसे काठ्या घेऊन आली, त्याच समाजातील नवल भथेना या मित्राने पुढे लंडनमधील अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी आंबेडकरांना कर्जाऊ रक्कम दिली.

३. अंत्युखियाची पंगत

आपणां ख्रिस्ती वाचकांस त्या दुसऱ्या दारापाशी थांबणे भाग आहे. त्या गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला होता, त्याची मते बदलली होती. त्याचा उंबरठा बदलला नव्हता. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातील प्रसंग आहे. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. परंतु काही माणसे येताच त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून मागे सरला. पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला, कारण त्याच्या दृष्टीने हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. सुवार्तेच्या सत्याशी त्याचा संबंध होता. बडोद्याच्या त्या घरी पंगत मांडलीच गेली नाही, एवढाच फरक.

४. वसतिगृहाचे उत्तर

एकेका घराच्या मर्जीवर विद्यार्थ्याने विसंबू नये, यासाठी महाराष्ट्राने दुसरा मार्ग शोधला. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात, ज्यास १९२७ साली छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले, सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीत जेवत. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेमुळे विद्यार्थी श्रमाने आपले अन्न मिळवू लागला आणि उपकाराचे ओझे उतरले. बडोद्यात जे दार बंद राहिले, त्याचे खरे उत्तर साताऱ्याच्या पंक्तीत सापडते, असे आम्हांस वाटते.

५. आजची स्थिती

आज शासनाच्या योजना आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस भोजन व निवासासाठी महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला गेला. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. महाराष्ट्रात अशा कुटुंबांची गणना इतर मागास वर्गात होते व त्या वर्गासाठी असलेल्या योजनांचाच विचार त्यांना करावा लागतो. अनुसूचित जमातीस मात्र धर्माची अट नाही. नंदुरबारचा वा छोटा उदेपूरचा आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थी त्या सवलतींस पात्र राहतो. हा भेद ठाऊक नसल्यामुळे पात्र विद्यार्थी अर्ज करीत नाही, आणि अपात्र विद्यार्थी व्यर्थ आशेवर वर्ष घालवितो. धर्मशिक्षकांनी तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दुसरी अडचण वेळेची. महाविद्यालय पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते. वसतिगृहाची यादी व शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा फार उशिरा येते. मधल्या महिन्यांत खोलीची अनामत रक्कम, खाणावळीचे आगाऊ पैसे व पहिले भाडे यांची एकदम गाठ पडते. शिक्षण सुटण्याचा धोका याच दिवसांत अधिक असतो.

६. मंडळीने काय करावे

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शूनेमच्या बाईने अलीशासाठी माडीवर लहानशी खोली बांधली व तीत खाट, मेज, बैठक आणि दिवा एवढेच ठेवले. विद्यार्थ्यास याहून अधिक काय लागते? आमच्या सूचनाही तितक्याच साध्या आहेत.

गावच्या मंडळीने शहराकडे निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव शहरातील पाळकास आधी कळवावे. शहरातील मंडळीने पहिल्या तीन महिन्यांपुरता अन्ननिधी ठेवावा आणि पैसे शक्यतो थेट खाणावळीत भरावेत, म्हणजे विद्यार्थ्यास दर महिन्यास हात पसरावा लागणार नाही. अनामत रक्कम परतफेडीच्या बोलीवर द्यावी. ती फिरून दुसऱ्याच्या उपयोगी पडते. घरमालक हमी मागतात, तेव्हा पाळकाने वा पंचाने हमीदार व्हावे. मंडळीच्या आवारातील रिकामी खोली वर्षभर कुलपात राहू नये. ज्यांना साहाय्य मिळते त्यांची नावे उपासनेत जाहीर करू नयेत. आणि साहाय्य देताना विद्यार्थ्याची मूळ जात अथवा त्याची उपासनेतील हजेरी यांचा हिशेब मांडू नये.

यांतील शेवटची सूचना सर्वांत कठीण आहे, कारण ती निधीने पुरी होत नाही. पुढील जूनमध्ये एखादा मुलगा पत्र्याची पेटी घेऊन आपल्या दाराशी उभा राहील. त्याला उत्तर देण्यासाठी घरात कोणाला विचारावे लागणार असेल, तर ते आजच विचारून ठेवावे.