वर्किंग हॉलिडेची तयारी : बॅग भरण्याआधी काय शिकवायचं?



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन घरी आला. चौथीला माझ्या वर्गात होता, आता बीएस्सी ॲग्री झालाय. दिंडोरी तालुक्यात घरची द्राक्षबाग आहे. पेढे ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला. वर्षभरासाठी चाललोय." आई मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्या बागेत आपण मजूर लावतो मॅडम, आणि हा तिकडं जाऊन दुसऱ्याची द्राक्षं तोडणार!"

आधी हा वर्किंग हॉलिडे म्हणजे काय ते पाहू. परदेशात वर्षभर फिरायचं, राहायचं आणि त्याचा खर्च तिथेच छोटी-मोठी कामं करून भागवायचा. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला, त्यातून आपल्या मुलांसाठी ही वाट उघडली. पहिली सोडत २०२४ मध्ये निघाली. वर्षाला फक्त १,००० जागा. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि सुरुवातीच्या खर्चासाठी साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर हाताशी हवेत. सोडतीच्या नोंदणीची फी २५ डॉलर. निवड संगणक करतो, त्यामुळे "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयासुद्धा देऊ नका.

कागदपत्रं तर ही मुलं मोबाईलवर स्वतःच करतात. खरी तयारी राहते ती रोजच्या जगण्याची.

तिथे ही मुलं बहुतेक वेळा चार-सहा जण मिळून भाड्याच्या घरात राहतात. स्वयंपाक, भांडी, संडास-बाथरूम धुणं याच्या पाळ्या लागतात आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक नसतो. आमच्या या पठ्ठ्याला चहासुद्धा येत नव्हता! मी आईला म्हटलं, तीन महिने रोज एक वेळचा स्वयंपाक याच्याकडे द्या. कच्चं-करपलं झालं तरी मध्ये पडू नका.

मग बोलणं. तिथे मालकालाही नावाने हाक मारतात. 'सर, सर' केलं तर मान दिल्यासारखं न वाटता अवघडल्यासारखं वाटतं. कुणी जेवायला बोलावताना "ब्रिंग अ प्लेट" म्हणालं, तर रिकामी ताटली घेऊन जायचं नाही, आपल्या हातचा एखादा पदार्थ न्यायचा. शब्दशः अर्थ आणि खरा अर्थ यातला फरक आपण भाषेच्या तासाला शिकवतोच की, त्याचं हे उत्तम उदाहरण.

आईचा लोणच्याचा प्रश्न होताच. विमानतळावर उतरताना एक कार्ड भरावं लागतं, त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. खरं लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. आणि एक गोष्ट पालकांच्या डोक्यातच येत नाही : समुद्र. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला वाटतं, आपल्याला पोहता येतं. तिथल्या किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरायचं. झेंडे नसतील तर पाण्याकडे पाठ फिरवायची. मदतीचा नंबर ००० पाठ करून घ्या.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती मजुरीची. १ जुलै २०२५ रोजी तिथे किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. फळतोडणीला नगावर पैसे ठरले, तरी २८ एप्रिल २०२२ पासून तासाच्या किमान मजुरीची हमी द्यावीच लागते. पगाराची पावती मिळाली पाहिजे. करासाठी लागणारा नंबर सरकारकडून फुकट मिळतो. फसवणूक झाली तर फेअर वर्क ओम्बड्समन नावाचं सरकारी कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. कायदा चांगला आहे, पण तो उपयोगी पडायला तोंड उघडावं लागतं. आणि आपण शाळेत, घरात काय शिकवतो? "मोठ्यांना उलट बोलू नये." मीसुद्धा त्याला चौथीत हेच शिकवलं होतं.

म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही नाट्यीकरण केलं, अगदी वर्गात करतो तसं. मी मालकीण, तो मजूर. "तुझे सहाच तास झाले," मी म्हणाले. पहिल्या वेळी तो मान खाली घालून "हो" म्हणाला. चौथ्या वेळी म्हणाला, "नाही, आठ झालेत. माझ्या वहीत वेळ लिहिली आहे." आवाज चढवायचा नाही, डोळ्यांत बघून बोलायचं. निघताना त्याला घरचा अभ्यास दिला : आपल्याच बागेत आठवडाभर मजूर म्हणून उतर आणि रोजचे तास लिही.

बागेत तेव्हा ऑक्टोबर छाटणी चालू होती. पेठकडून आलेल्या टोळीबरोबर तो राबला. आठवड्याने त्याच्या आईचा फोन आला. हाताला फोड आलेत, पोळ्या बऱ्या जमायला लागल्यात, वगैरे. मग म्हणाली, "मॅडम, त्यानं बापाची वही मागितली. बायकांना रोजाचे किती पडतात विचारत होता. हे म्हणाले, एकराचा ठेका मुकादमाला दिलाय, पुढचं तो बघतो. वहीत बायकांची नावंच नाहीत ना! आता हा रोज सांजेला बांधावर बसून एकेकीचं नाव आणि तास लिहितो. बापाशी वाजलंय."

विमान जानेवारीत आहे.