एक योगी, तीन चित्रशैली

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) या गेममध्ये धालसिम हा भारतीय योगी आला. तेव्हा पात्रं मोजक्या ठिपक्यांत रेखाटावी लागत. तिथे लांबणारे हातपाय, गळ्यात कवट्यांची माळ, अशा ठळक खुणा उपयोगी पडत. चौथ्या भागात (२००८) पात्रं त्रिमितीय झाली, सोबत शाईच्या कुंचल्याचे फटकारे आले. पाचव्यात (२०१६) धालसिमला दाढी-फेटा मिळाला. सहाव्यात (२०२३) त्वचा नि स्नायू खरेखुरे भासतात.

शैली बदलली, तरी पात्र ओळखू येतं ते देहाच्या ठेवणीवरून. ती ठेवण शिकायला अमरावती-अकोल्याच्या होतकरू चित्रकारांना अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) जवळच आहे. तिथले मल्लखांबावरचे देह त्यांनी जरूर रेखाटावेत.