मावळ्याला नवा रंग, पण जुना जरा जपून

नवरात्र संपले की कामणच्या मुलांना दिवाळीतल्या किल्ल्याचे वेध लागतात. गावामागे कामणदुर्ग उभा आणि खाडीच्या मुखाशी चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला. त्यामुळे माती कालवायला वेगळे निमित्त लागत नाही. माळ्यावरून खोका खाली येतो. एका मावळ्याचा भाला मोडलेला, दुसऱ्याच्या पागोट्याचा रंग उडालेला. काही चित्रे थोरल्या भावाच्या वेळची, काही शेजाऱ्यांनी दिलेली. मग पॉलिश पेपर घेऊन खरवडणे सुरू होते. नेमकी इथेच काळजी हवी.

पूर्वीच्या अनेक भडक रंगांत, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या छटांत, शिशाची संयुगे वापरली जात. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली आणि ती वर्षभराने लागू झाली. दहा लाख भागांत ९० भाग, त्याहून जास्त नाही. त्याआधीच्या चित्रांवर कोणता रंग आहे, हे नुसते पाहून कळत नाही.

रंग चित्रावर घट्ट असतो तोवर धोका कमी. तो कोरडा घासला की बारीक भुकटी उडते. ती श्वासावाटे आत जाते, हातांवर बसते आणि हात तोंडाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत लहान मुले चार ते पाचपट शिसे शोषून घेतात. आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. शरीर शिसे हाडांत आणि दातांत साठवते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, पण सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही.

आधी ओळख, मग साफसफाई

चित्र कशाचे आहे, हे आधी ठरवावे. कच्च्या शाडूचे चित्र पाण्यात बुडवले तर विरघळते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे पाणी शोषून ठिसूळ होते. या दोन्हींचा जुना रंग काढण्याच्या फंदात पडू नये. ओलसर फडक्याने धूळ टिपावी, चित्र सुकू द्यावे आणि वरूनच नवा रंग द्यावा. जुना थर खाली बंद राहणे हेच बरे. प्लास्टिकचे चित्र भांडी घासायच्या साबणाने आणि मऊ टूथब्रशने धुवावे. हाताचा तेलकटपणा गेला नाही तर नवा रंग धरत नाही. वाकलेली मऊ प्लास्टिकची तलवार गरम पाण्यात धरून सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात बुडवली की तशीच राहते. नेलपेंट काढायचे अ‍ॅसिटोन मात्र वापरू नये. काही प्रकारचे प्लास्टिक त्यात विरघळते.

धातूच्या सैनिकांचे प्रकरण वेगळे. टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळणारे हौशी लोक जुने सैनिक विकत घेऊन पुन्हा रंगवतात. एच. जी. वेल्स यांनी अशा खेळाचे नियम १९१३ मध्ये पुस्तकरूपाने छापले, तेव्हा हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूचे असत. सैनिक आकाराच्या मानाने जड असेल आणि कागदावर करडी रेघ उमटवत असेल, तर तो शिशाचा समजून चालावे.

अशा सैनिकावर कधी पांढरी भुकटी दिसते. लाकडी कपाटातून किंवा पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ, दमटपणा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांमुळे शिशाचे कार्बोनेट तयार होते, तीच ही भुकटी. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत ती वाढायला वाव मिळतो. फुंकर मारून ती उडवू नये. रबरी हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून इथेही चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावायचा मोह होतो. पण आम्लात शिसे विरघळते, म्हणून तो टाळावा.

काम करताना

घासणे अटळच असेल तर ओल्या पॉलिश पेपरने घासावे, खाली जुने वर्तमानपत्र पसरावे आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको. मोडलेला हात एम-सीलने जोडता येतो, तेव्हाही हातमोजे हवेत. प्रायमरचा फवारा कोरड्या दिवशी, मोकळ्या हवेत मारावा, कारण दमट हवेत थर खरखरीत बसतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच फराळाला बसावे. लहान मूल जुना रंग चाटत किंवा चावत असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लहानांनी किल्ल्याची माती कालवावी, अळीव पेरावे आणि मावळ्यांच्या जागा ठरवाव्यात. जुना रंग काढायचे काम घरातल्या मोठ्यांनी करावे.