प्रिंटर जुना, पोर्ट गायब

'नवा कॉम्प्युटर घेतला, पण त्याला जुन्या प्रिंटरची केबल लावायला जागाच नाही. चांगला चालता प्रिंटर भंगारात काढू का?' असं एका अडत दुकानदारांनी विचारलं आहे. मुळीच काढू नका. बिलाच्या तीन प्रती एका ठोक्यात हव्या असतील, तर सुया आपटणाऱ्या डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही. लेझर किंवा इंकजेट कागदावर दाबच देत नाहीत, मग खालच्या कार्बनप्रतीवर उमटणार काय?

गायब झालेला पोर्ट म्हणजे पॅरलल पोर्ट. १९७० साली सेंट्रॉनिक्सने 'मॉडेल १०१' प्रिंटर आणला आणि त्याला ३६ पिनांचा कनेक्टर दिला. तोच का? कारण सेंट्रॉनिक्स ज्या कंपनीतून निघाली त्या वांग लॅबोरेटरीजकडे एका कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले असे वीस हजार कनेक्टर शिल्लक होते! उरलेला माल वापरला आणि पुढे जगभर तोच रूढ झाला. १९८१ मध्ये आयबीएमने पीसीच्या बाजूला २५ पिनांचं सॉकेट दिलं, म्हणून त्या केबलची दोन टोकं वेगळी.

आत चालायचं ते फार देखणं होतं. 'ए' अक्षराचा आकडा ६५. तो पाठवताना दोन ते नऊ या आठ पिनांपैकी फक्त दोन आणि आठ नंबरच्या पिनांवर सुमारे ५ व्होल्ट येतात, बाकीच्या शून्यावर. मग एक नंबरची पिन क्षणभर खाली जाते: 'वाढलंय, घ्या.' पंगतीत जेवणारा पानावर हात आडवा धरतो, तशी प्रिंटर अकरा नंबरची 'बिझी' तार उचलून धरतो. हात बाजूला झाला की पुढचं अक्षर.

यूएसबीत अशा सुट्या तारा नाहीत; तिथे माहिती पाकिटं बांधून जाते. म्हणून यूएसबी-पॅरलल केबलच्या जाड टोकात एक चिप असते. ती पाकीट उघडते आणि वरचा सगळा व्यवहार स्वतः प्रिंटरशी करते. विंडोजला मात्र दिसतो तो साधा यूएसबी प्रिंटर. जुना डॉस प्रोग्रॅम 'एलपीटी१' म्हणजे पॅरलल पोर्टच शोधत राहिला, तर प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ त्याच्याकडे वळवावा. पण केबल घेण्याआधी प्रिंटरची मागची बाजू नीट पाहा. बऱ्याच मॉडेलना यूएसबीचं सॉकेटही असतं.

काही विक्रेते ही केबल 'पॅरलल पोर्ट' म्हणून खपवतात, ते मला पटत नाही. तिने छपाई होते, पोर्ट मिळत नाही. पिना थेट हाताळणारी सीएनसी मशिनं आणि सॉफ्टवेअरचे जुने डोंगल तिच्यावर चालत नाहीत. मशिनच्या मोटरला काही मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने ठोके लागतात आणि अशा केबलवरचा यूएसबीचा कारभार मिलिसेकंदाच्या तालावर चालतो. तिथे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारं पॅरलल कार्डच घ्यावं. त्याचा पत्ता जुन्या पोर्टसारखा ३७८ असेलच असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसेल तो मशिनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा.