गुणगुण हवेतून येत नाही

वायरलेस होम थिएटर गुणगुणू लागले की पहिला आळ वायफायवर येतो. तो बहुधा खोटा असतो. वायफायशी टक्कर झाली तर डिजिटल आवाज तुटतो, अडखळतो; एकसुरी घुंई काढत बसत नाही. ती घुंई आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची किंवा तिच्या दुपटीची, 100 हर्ट्झची असते. स्पीकर ‘बिनतारी’ म्हणवला तरी भिंतीतल्या प्लगची तार त्याला सुटलेली नाही! एकच स्पीकर गुणगुणत असेल तर त्याचा प्लग किंवा आतला थकलेला कपॅसिटर पाहावा. सगळेच गुणगुणत असतील तर दोष मुख्य युनिटमध्ये शिरतो आहे. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या दोन वाटांतून फिरणारा प्रवाह, सापडला. ऑप्टिकल केबलने तो तुटतो, कारण प्रकाशातून वीज वाहत नाही.

‘शेजारी हाच संच शांत आहे’, हा आक्षेप खराच. पण शेजारचे अर्थिंग वेगळे असू शकते. आपले छत्रपती संभाजीनगर काळ्या बेसाल्टवर वसले आहे; अशा खडकात चांगले अर्थिंग आधीच अवघड. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो, अर्थिंग कमजोर होते; म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत अडाणी नाही. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गुणगुण वाढते, तेव्हा वीज परतल्यावर पुन्हा ऐकावे. काही जण तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिनच काढतात. आवाज कदाचित थांबेलही, पण उद्या आत बिघाड झाला तर उघड्या धातूच्या भागात वीज उतरेल.