दोन मिनिटे आणि एक पंखा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गाला एक प्रकल्प मिळाला. चार-चार जणांचे गट करावयाचे आणि प्रत्येक गटाने न झालेल्या एका चित्रपटाची पहिली दोन मिनिटे चित्रित करावयाची. पुढचा चित्रपट कधीच होणार नाही, फक्त आरंभ! आमच्या चिठ्ठीत ‘थ्रिलर’ हा शब्द निघाला आणि आम्ही उड्याच मारल्या. आमच्या मते हा सर्वांत सोपा प्रकार होता. काळोख हवा, पावलांचा आवाज हवा, शेवटी एक किंकाळी हवी, झाले!

तो सोपा नाही हे कळायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात जे शिकलो, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ‘संकेत’ म्हणजे काय ते पाहू. तमाशात गण झाला की गवळण येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. मावशी येणार हेही ठाऊक असते. म्हणून तो उठून जातो का? मुळीच नाही. आज मावशी काय बोलणार, याकडे तो कान लावून बसतो. संकेत म्हणजे प्रेक्षक आणि कलावंत यांच्यातला न लिहिलेला करार. काय येणार हे माहीत असल्यामुळेच ते कसे येणार याची ओढ लागते. चित्रपटाचेही तसेच आहे. ‘खून कोणी केला?’ हा रहस्यकथेचा प्रश्न. ‘आता काय होणार?’ हा थ्रिलरचा. एकात डोके चालते, दुसऱ्यात छाती धडधडते. पुष्कळ चित्रपटांत दोन्ही एकत्र नांदतात, आणि दोन्हींचे संकेत आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो.

राज खोसला यांच्या ‘वह कौन थी?’ (१९६४) या चित्रपटाचा आरंभ आठवून पाहा. रात्र, धो धो पाऊस, मोटार चालविणारा डॉक्टर आणि रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली स्त्री. सगळे ठरीव साहित्य. पण ती गाडीत बसते आणि काचेवरचे वायपर बंद पडतात. डॉक्टरला पुढचे काही दिसत नाही, तिला मात्र रस्ता दिसतो! हा एवढासा तपशील त्या ठरीव साहित्यात प्राण ओततो. म्हणजे संकेत पाळणे हा काही गुन्हा नव्हे. त्यात आपले असे काहीतरी घालावे लागते, इतकेच.

आमच्या पहिल्या प्रतीत आम्ही आपले असे काहीच घातले नव्हते. महाविद्यालयाचे वाचनालय, रात्रीची वेळ, वीज गेलेली. हातात मोबाइलचा उजेड घेऊन कपाटांमधून चाललेली एक मुलगी. मागे पावले. जाळीतून डोकावणारा, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवीत लंगडत येणारा शिपाई. मग भिंतीवर सावली, खांद्यावर हात, किंकाळी आणि पडद्यावर लाल अक्षरांत नाव. दोन मिनिटांत एकेचाळीस दृश्ये आणि पहिल्या क्षणापासून ढणाणणारे संगीत. वसतिगृहातल्या मित्रांना ते दाखविले तेव्हा किंकाळीच्या जागी हशा पिकला. एक जण म्हणाला, “अरे, भीती वाटायला उसंत तरी द्या!”

त्याचे बरोबर होते. हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या, १९६६ साली पुस्तकरूपाने आलेल्या मुलाखतीत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. माणसे टेबलाशी गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक काही क्षण दचकतो, बस्स. पण तो बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखविले, तर त्याच रटाळ गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागतो. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) चा आरंभ हेच करून दाखवितो. कोणीतरी मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि तीन मिनिटांहून अधिक काळ, एकही तोड न घेता, कॅमेरा त्या मोटारीच्या मागेपुढे गावभर हिंडत राहतो. आपल्याला माहीत असते, पात्रांना नसते. आमच्या चित्रणात प्रेक्षकाला काहीच माहीत नव्हते. तो फक्त दचकविला जात होता.

पण आमची खरी चूक दुसरीच होती, आणि ती ना पुस्तकाने दाखविली ना मित्रांनी. ती दाखविली वाचनालयाच्या शिपाईकाकांनी. त्या शिपायाचे काम त्यांनीच केले होते. लंगडून दाखवा म्हटले तर हसत हसत लंगडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना मोबाइलवर चित्रण दाखविले. ते त्यांनी दोनदा पाहिले आणि म्हणाले, “चांगलं झालंय की. पण गॅदरिंगला माझी पोरगी यायचीय बघायला. तिला काय सांगू, मी खून केला का नाही?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. खरे म्हणजे ते आम्हालाही ठाऊक नव्हते!

येथे जरा थांबून विचार करावासा वाटतो. कंदील घेतलेला चौकीदार, एका डोळ्याचा माळी, कमी बोलणारा नोकर ही मंडळी रहस्यपटात संशय वळविण्यासाठी आणलेली असतात. शेवटच्या रिळात खरा गुन्हेगार सापडतो, बहुधा तो चांगल्या कपड्यातला निघतो, आणि चौकीदार निर्दोष सुटतो. संकेत ही एक उसनवारी आहे. प्रेक्षकाच्या मनातला जुना संशय दिग्दर्शक उसना घेतो आणि शेवटी फेडतो. पण आमच्या चित्रपटाला शेवटच नव्हता. दोन मिनिटांत आम्ही एका माणसाला संशयित करणार आणि कायमचे तसेच सोडून देणार. का? तर त्याच्या अंगावर खाकी कपडे आहेत आणि हातात किल्ल्या आहेत म्हणून. हा संशय आम्ही निर्माण केलेला नव्हता. तो आमच्या आणि प्रेक्षकांच्या मनात आधीपासून होता. कोणत्या माणसाकडे पाहून आपल्याला भीती वाटते, हेही संकेतच ठरवितात. आणि ते चित्रपटगृहाबाहेर आपल्याबरोबर घरी येतात.

मग आम्ही सगळे पुसून नव्याने आरंभ केला. सगळेच संकेत मोडून टाकावेत असा एका मित्राचा आग्रह होता. पण थोरांनी काय केले ते पाहता हा आग्रह टिकला नाही. ‘सायको’ (१९६०) घ्या. त्याचा आरंभ काळोखात नाही. फिनिक्स शहर, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे असे पडद्यावर लिहून येते. पुढे चोरीची रक्कम, पाठीशी लागलेला पोलीस, पावसातले एकाकी मोटेल हे सगळे संकेत हिचकॉक इमानाने पाळतो. मोडतो तो मुख्यतः एकच: नायिका शेवटपर्यंत जगते हा. निम्मा चित्रपट होण्यापूर्वीच ती मारली जाते. बाकीचे संकेत घट्ट असल्यामुळेच तो एक मोडल्याचा हादरा बसतो. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा हिचकॉकचा आग्रह होता; आरंभाचे मोल त्याला किती होते हे त्यावरून कळते.

फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (१९३१) तर आम्हाला गुरूसारखा वाटला. अंगणात खेळणारी मुले, जेवणाचे टेबल मांडणारी आई, घड्याळ. एका लहान मुलीचा खून होतो, पण खून कोठेच दिसत नाही. दिसते ती रिकामी ताटली, गवतात घरंगळणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. भर दिवसा, एकही थेंब रक्त न सांडता, अंगावर काटा येतो.

आमची दुसरी प्रत अशी. वेळ संध्याकाळी पाचची. खिडक्यांतून ऊन आत आलेले. संगीत नाही. दूरवर कॅन्टीनमधल्या कपबशांचा आवाज. तो खरे तर चुकून आला होता, पण ठेवला. शिपाईकाका खुर्च्या सारखे करीत येतात. एका टेबलावर उघडे पुस्तक आणि चष्मा. “कुणी हाय का आत?” असे विचारतात. उत्तर नाही. चष्मा धोतराच्या नव्हे, आपल्या खाकी सदऱ्याच्या टोकाने पुसून खणात ठेवतात, पंख्याचे बटण बंद करतात आणि दाराला कुलूप लावून निघून जातात. कॅमेरा मात्र आतच राहतो. जुना पंखा हळूहळू मंदावत जातो. पुरेशी वीस सेकंदे आम्ही तेवढेच दाखविले. पंखा थांबतो. शांतता. मग ‘खट्’ असा बटणाचा आवाज होतो आणि पंखा पुन्हा फिरू लागतो.

बंद जागा, घड्याळाची वेळ, मागे राहिलेली वस्तू आणि शेवटी लटकता प्रश्न हे संकेत आम्ही ठेवले. रात्र, संगीत, किंकाळी आणि बळी पडणारी मुलगी हे सोडले. आणि किल्ल्यांचा जुडगा तोच ठेवून त्याचा अर्थ उलटविला: तो धरणारा हात आता भीतीचा नव्हता, काळजीचा होता. एकेचाळीस दृश्यांची अकरा झाली. खर्च शून्य, बटण दाबायला आमच्यातला एक जण भिंतीला चिकटून बसला होता, एवढेच.

प्रत निर्दोष आहे असे नाही. पहिले अर्धे मिनिट रेंगाळते, हा परीक्षकांचा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण गॅदरिंगच्या दिवशी पंखा पुन्हा फिरू लागला तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही. पहिल्या रांगेतून एका मुलीचा घाबरा आवाज आला, “आबा, आत कुणीतरी हाय!” शेजारी बसलेल्या शिपाईकाकांनी तिचा हात धरला आणि ते गालातल्या गालात हसले.

पुढल्या वर्षी ज्यांच्या चिठ्ठीत हा शब्द निघेल त्यांना एवढेच सांगणे: संकेत मोडण्यापूर्वी तो नीट पाळून पाहा, एका वेळी थोडेच मोडा; आणि ज्याच्यावर संशय टाकाल त्याला तो तुकडा आधी दाखवा. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी असले पाहिजे.